पिवळ्या फितीची युद्धवार्ताहर

मी लढाया पाहिल्यात. खऱ्या. डोक्यावरून तोफगोळे जात असताना चिखलात नाक खुपसून पडलेय, दोन सैन्यांच्या मधल्या ओढ्यात म्हशीच्या आडोशाला बसून बातमी लिहिलीय. एवढ्या सगळ्यातून धडधाकट परत आले. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा स्ट्रेचरवर कुणी घातलं, तर ते आमच्या पाम गावात, मारुतीच्या देवळासमोर, भर सकाळी, भजीवाला डोळे फाडून बघत असताना. मला काहीही झालेलं नव्हतं. हे मी तेव्हाही बोंबलून सांगत होते आणि आजही सांगते. गावातले काही लोक अजून "आता बरं वाटतंय ना?" म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे एकदाचं लिहून टाकते.

पाममध्ये मी माझ्या मोठ्या बहिणीकडे राहते. ताई वडिलांच्या वाडीतच राहिली, यजमान गेल्यावरही राहिली. चिकूची झाडं, चार नारळ, एक पंप आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ठाम मत, एवढा तिचा संसार. मी नोकरीतून सुटल्यावर तिच्याकडे आले. माझं वय विचारू नका, गुडघे सांगतील. शेजारपाजारी ताई माझी ओळख करून देते ती अशी: "ही माजी धाकटी. पेपरात व्हती." पेपरात! म्हणजे बाजारातून बांधून आणलेली भजी जशी पेपरात असतात तशी. मी युद्धवार्ताहर होते, आमच्या वर्तमानपत्राने आघाडीवर पाठवलेली पहिली बाई होते, हे सांगायची तिला कधी गरजच वाटली नाही.

तशी मी लागले महिलांच्या पानावर. उरलेल्या पोळ्यांचे पदार्थ, पायांच्या भेगांवर उपाय, सासूशी कसं वागावं. सासूबद्दल मी लिहायचे, जिला सासूच नव्हती. सीमेवर लढाई सुरू झाली तशी मी संपादकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, मला पाठवा. ते म्हणाले, "अहो बाई, तिकडे बाथरूम नसतात." मी म्हणाले, "साहेब, बायकांचं बाथरूम या ऑफिसातही नाहीये. इतकी वर्षं मी काय करत असेन असं वाटतं तुम्हाला?" ते लाजेने लाल झाले. त्या लाजेच्या भरात त्यांनी सही केली. माझ्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी, शौर्याने नाही.

सीमेवरच्या लष्करी ठाण्यावर पोहोचले तर तिथला अधिकारी मला बघून भलताच खूश. बाई आली म्हणजे कुठल्या तरी महिला मंडळाच्या राख्या घेऊन आली असणार, असं त्याने धरूनच टाकलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने हुकूम सोडला आणि पोरं ओळीने उभी राहिली, मनगटं पुढे करून. आता त्या पोरांना काय सांगायचं, की मी राख्या आणल्या नाहीत, प्रश्न आणलेत? पिशवीत शिवणकामाचा दोरा होता. तो तोडत गेले आणि बांधत गेले. बांधताना प्रत्येकाला हळूच विचारत गेले: कालच्या रात्री नेमकं काय झालं, किती जण पुढे होते, जेवण पोचतंय का. राखी बांधणाऱ्या बाईशी कोण खोटं बोलणार? हात माझ्या हातात, तोंडासमोर बहीण. ओळ संपेपर्यंत माझी बातमी तयार होती. दुसऱ्या दिवशी बाकीचे पत्रकार पत्रकार परिषदेची वाट बघत बसले होते आणि आमच्या पेपरात पहिल्या पानावर माझं नाव होतं. पुढे कितीतरी लढायांत मी हेच केलं. प्रश्न विचारायला कुणी बसत नाही, पण बटण लावून देते म्हटलं की जनरलसुद्धा शर्ट काढून बसतो.

आणि प्रत्येक वेळी निघताना ताई माझ्या पिशवीत सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा कोंबायची. "तितं काय मिळतं कोण जाने." नको म्हटलं तरी कोंबायची. एकदा शेजारच्या देशातल्या यादवीत एका नाक्यावर शिपायाने तो डबा उघडला. उघडला आणि मागे सरकला तो थेट भिंतीला जाऊन टेकला. मग बंदूक रोखून त्याने मला हात वर करायला लावले आणि स्फोटकांचा जाणकार बोलावला. जाणकार आला, पालथा पडला, लांब काठीने डबा उलटा केला. वाऱ्याबरोबर जवळा सगळ्या नाक्यावर पसरला. एक कुत्रं आलं आणि चाटूनपुसून खाऊन गेलं, तेव्हा कुठे माझी सुटका झाली. हे मी घरी येऊन ताईला सांगितलं, तर ती भडकली. मला अटक होता होता राहिली त्याबद्दल नाही. चटणी वाया गेली त्याबद्दल.

हेच मला खुपायचं. जिवावरच्या प्रसंगातून परत यावं, बोईसरला उतरून पामची रिक्षा धरावी, ओट्यावर ताई. पहिला प्रश्न: "जेवलीस काय?" दुसरा: "केस किती गळलेत गो तुजे." तिसरा प्रश्न नाहीच. मी मुद्दाम माझा लेख वर येईल अशी घडी घालून पेपर तिच्यासमोर ठेवायचे. ती चष्मा सापडत नाही म्हणायची. थोड्या वेळाने बघावं तर माझी सगळी लढाई चिकूभोवती गुंडाळून पेंढ्यात पिकत पडलेली. सत्कारात मिळालेल्या शाली तिने पंपाला पांघरल्या, नारळ फोडून आमटीत घातले आणि वर म्हणाली, "ह्यो मागच्या सत्काराच्या नारळापेक्षा बरा हाय." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मला मान्य होतं. देशभरातून पत्रं यायची, मोठमोठी माणसं फोन करायची, आणि मी मात्र डोळे लावून बसलेली असायचे एका चष्मा न सापडणाऱ्या बाईकडे. आई लहानपणी गेली आमची. मला वाढवलं ताईने. तिने एकदा, फक्त एकदा म्हणावं की मी तुझं वाचलंय आणि ते चांगलं होतं, एवढंच मला हवं होतं. म्हातारी झाले तरी हवं होतं. लाज वाटते सांगायला, पण होतं.

तर गेल्या वर्षी आमच्या पेपराच्या नव्या संपादकाचा फोन आला. आवाजावरून मिसरूड नुकतं फुटलेला. "मॅडम, वर्धापनदिनाचा विशेषांक काढतोय. तुमच्या काही आठवणी मिळाल्या तर..." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "आठवणी निवृत्त माणसं सांगतात. मी ताजी बातमी देते. घटनास्थळावरून." तो म्हणाला, "हो हो, द्या ना, छानच!" लहान मुलाने मी विमान चालवणार म्हटल्यावर आपण ज्या आवाजात "अरे वा" म्हणतो ना, त्याच आवाजात. तोंडावर फोन आपटायची सोय हल्लीच्या फोनमध्ये नाही, हे किती वाईट झालंय.

ताजी बातमी देते म्हणाले खरी, पण पाममध्ये कुठली बातमी? कुणाच्या तरी वाडीत शेजाऱ्याची म्हैस शिरली, एवढीच. तेवढ्यात ग्रामपंचायतीची दवंडी आली: मॉक ड्रिल होणार. आमची गावं तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या आसपासची, त्यामुळे अधूनमधून असा सराव असतो. भोंगा वाजतो, दारंखिडक्या लावून आत बसायचं, काही लोकांना बसमधून सुरक्षित ठिकाणी न्यायचं, काहींनी रुग्ण व्हायचं आणि ॲम्ब्युलन्समधून जायचं. सगळं खोटं, पण सगळं अगदी खऱ्यासारखं करायचं. मला एकदम स्फुरण चढलं. ही माझी बातमी! आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ताईने मला कामावर कधी पाहिलेलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या गावात, मी कशी उभी राहते, कशी माणसं बोलती करते, ते ती बघणार होती. मग चष्मा न सापडून सांगते कुणाला!

पंचायतीत बैठक झाली. आमच्याकडे सकाळी पुरुष असतातच कुठे, निम्मे कंपन्यांत फर्स्ट शिफ्टला, निम्मे शिफ्ट करून झोपलेले. बैठकीला बायका आणि म्हातारे. सरपंचबाईंनी समजावलं: हिरवी फीत म्हणजे किरकोळ जखमी, पिवळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे गंभीर. झालं! हिरवी फीत घ्यायला कुणी तयार होईना. "आमी काय येवड्यासाटी घरातली कामं टाकून यायचं? खरचटायला?" सगळ्यांना लाल पाहिजे. एक म्हणते माझा मुलगा पंचायतीत सदस्य आहे, मला लाल. दुसरी म्हणते गेल्या खेपेला मला हिरवी दिली होती, आता माझा नंबर. सरपंचबाई घामाघूम. शेवटी ताई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "ह्यांत सगल्यांत मोठी मी. मरायचा मान माजा." यावर कोण काय बोलणार? लाल फीत ताईला मिळाली.

घरी आल्यावर तिने विव्हळायचा सराव सुरू केला. सकाळी चूल पेटवताना "अगं आई गं", दुपारी चिकू उतरवताना "मेले गं मेले", मधेच थांबून मला विचारायची, "हे जास्त झालं काय?" शेजारणीला ड्रिलचं माहीत होतं, पण आवाज ऐकून तिलाही राहवेना, ती मऊ खिचडी घेऊन धावत आली. ताईने तिला खरं सांगितलं नाही. खिचडी खाल्ली, मग म्हणाली, "मीठ थोडं कमी हाय." मी म्हटलं, "ताई, मीही त्या दिवशी कामावर आहे हं. बातमी करणार आहे." ती म्हणाली, "बरं. पण मधी मधी करू नकोस, माजा पार्ट हाय."

त्या दिवशी मी माझं जुनं खिशांचं जाकीट चढवलं, ओळखपत्र गळ्यात घातलं. त्याची मुदत केव्हाच संपली होती, पण माझी संपली होती का? ताईने मला वरून खाली पाहिलं. "गळ घेऊन गरवायला चाललीस काय?" एवढं बोलून ती आपल्या जागी, वाडीच्या फाटकाशी, सतरंजी टाकून व्यवस्थित जखमी होऊन पडली. उशीसुद्धा घेतली होती.

मी मारुतीच्या देवळासमोर ठाण मांडलं. तिथून बसही दिसते आणि ॲम्ब्युलन्सही. भोंगा झाला. गाव एकदम शिस्तीत घरात गेलं आणि लगेच खिडक्यांच्या फटींतून बाहेर बघायला लागलं. भजीवाल्याने कढईवर झाकण ठेवलं, गाडीवर ताडपत्री ओढली आणि स्वतः ताडपत्रीच्या आत बसला. आतून भज्यांचा वास येत होता, म्हणजे धंदा चालूच होता. लाउडस्पीकरवरून "घाबरू नका, हा सराव आहे" सांगत एक गाडी फिरत होती. घाबरलेलं कुणी नव्हतंच.

मग बस आली आणि पामच्या बायकांचं खरं युद्धकौशल्य मला दिसलं. बस सुरक्षित ठिकाणी म्हणजे एका शाळेत जाणार होती आणि जाणार होती बोईसरच्या बाजारावरून. ही गुप्त माहिती फुटली होती. त्यामुळे आपत्तिग्रस्त गाव सोडून निघाल्या त्या पिशव्या घेऊन. एकीच्या हातात फॉल लावायला द्यायच्या साड्या, एकीकडे फाटलेली चप्पल, एकीने तर केळव्याच्या आत्याला पोचवायला चिकूची करंडी घेतली होती आणि ड्रायव्हरला विचारत होती, पालघरपर्यंत नाय जात काय? मी खऱ्या युद्धात गावं रिकामी होताना पाहिलीयत. लोक काहीही घेऊन निघतात, पिंजऱ्यातला पोपट, दाराची कडी. पण दुरुस्तीला टाकायचा मिक्सर घेऊन निघालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. ती माझ्यासमोरून टाटा करत गेली.

त्या मिक्सरनेच माझा घात केला. कारण त्या बाईने बसमध्ये बसायचंच नव्हतं. तिला पिवळी फीत होती. देवळासमोर, "वृद्ध महिला, पाय दुखावलेला, गोंधळलेली, असंबद्ध बडबड करते", असा तिचा पार्ट होता. बाजाराची बस बघून ती पार्ट टाकून गेली. आणि तिच्या जागेवर, देवळासमोर, गुडघेदुखीने लंगडत, ओरडून ओरडून प्रश्न विचारत कोण उभं होतं? कर्म माझं!

ॲम्ब्युलन्स थांबली. दोघं स्वयंसेवक उतरले, कागद बघितला, मला बघितलं, आणि एकाने माझ्या मनगटाला पिवळी फीत बांधली. मी म्हणाले, "अहो, हे काय करताय? मी पत्रकार आहे." एकाने कागदावर टिक केली. "मी इथे बातमी घ्यायला आलेय, मी युद्धावर जाऊन आलेय!" दुसरा पहिल्याला कौतुकाने म्हणाला, "असंबद्ध बडबड एक नंबर करतायत आजी." मी गळ्यातलं ओळखपत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी ते प्रेमाने माझ्या जाकिटाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "हरवेल हं, आत ठेवा." मी जितकं खरं बोलावं तितकी मी त्यांच्या कागदात चपखल बसत होते. मी संतापाने थरथरायला लागले तर म्हणतात, "अरे वा, थरथरतायत पण!" आणि उचललं की मला! भजीवाल्याने ताडपत्रीतून डोकं काढून टाळ्या वाजवल्या. बंदुकीच्या धाकाने जिला कुणी जागेवरून हलवू शकलं नाही, तिला दोन हसऱ्या पोरांनी गाठोडं उचलावं तसं नेलं.

आत ताई आधीच स्ट्रेचरवर होती, लाल फितीत, डोळे मिटून, विव्हळण्यात गुंग. मला बाकावर बसवून पट्टा लावला. ताईने एक डोळा उघडला. "तुलाबी झालं काय?" असं कुजबुजली आणि पुन्हा मिटला. ॲम्ब्युलन्स सुटली. रस्ताभर ताईचं चाललं होतं: "अगं आई गं... माज्या वाडीला पानी कोन घालल गं... पंपाची चावी देव्हाऱ्यामागं हाय गं..." आरोग्यसेविका हसू दाबत होती. ड्रायव्हर म्हणाला, "माताजी बहुत अच्छा कर रही हैं." मी एकटी बाकावर फुगून बसलेली. माझी बातमी मागे राहिली होती आणि ताईने मला कामावर पाहिलं ते हे असं, पट्ट्याने बांधलेलं. दमडीचा का होईना, मान होता तो तर गेलाच, वर हसं झालं.

बोईसरच्या गर्दीत गाडी अडकली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की विव्हळणं थांबलंय.

"ताई," मी म्हणाले. उत्तर नाही. डोळे अर्धे उघडे, नजर ॲम्ब्युलन्सच्या छताला. हात बाजूला पडलेला. "ताई गं!" काही नाही.

लढाईत मी एक गोष्ट शिकलेय आणि ती विसरावीशी वाटली तरी विसरता येत नाही. जखमींच्या तंबूत जो मोठ्याने ओरडतो, शिव्या देतो, आई-आई करतो, त्याच्यात धुगधुगी असते. धावायचं ते गप्प पडलेल्याकडे. मी एका पोराला तसं पाहिलं होतं. तो कुणालाच हाका मारत नव्हता, सगळे बाजूच्या ओरडणाऱ्याकडे धावले आणि याच्याकडे बघेपर्यंत बघायचं काही उरलं नव्हतं. ताईचा चेहरा मला तसाच दिसला. अगदी तसाच.

"अहो, हिला बघा! हिला खरंच काहीतरी झालंय!" मी ओरडले. आरोग्यसेविका माझा हात थोपटून म्हणाली, "आजी, बास आता, छान झालं तुमचं." "अहो, मी रुग्ण नाही! मी शुद्धीत आहे! ही माझी बहीण आहे!" तिने माझी पिवळी फीत बघितली आणि मान डोलावली. मी पट्टा सोडवला, पुढे जाऊन काचेवर थापा मारल्या, "भैया, गाडी भगाव! सच्ची में मर रही है!" तो म्हणाला, "माताजी, आप लेटे रहिए, पहुँच ही गए." सगळं आयुष्य मी लोकांना खरी गोष्ट पटवून देण्यात घालवलं. परक्या देशांतल्या परक्या माणसांचं मरण मी इथल्या घराघरात पोचवलं. आणि माझी ताई माझ्या डोळ्यांदेखत चालली होती, तर एक माणूस माझं खरं मानायला तयार नव्हता. मी तिचा हात घट्ट धरला आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरलं. मला एकटीला टाकून जाऊ नकोस, असं काहीबाही बोलत होते. मारुतीला नवस बोलले. कधी न बोलणारी मी, अकरा नारळ बोलले.

रुग्णालयाच्या दारात डॉक्टर मंडळी ओळीने उभी, बाजूला पाहणी करणारे साहेब फाइल घेऊन. दार उघडताच मी उडी मारली. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. पहिल्या दिसलेल्या डॉक्टरची कॉलर धरली आणि त्याला अक्षरशः ओढत ताईपाशी आणलं. "हे ड्रिल नाही! ऐक माझं, हे ड्रिल नाही!" माझा चेहरा बघून तो बिचारा खरंच हादरला. मग मात्र धावपळ झाली. ऑक्सिजन, नाडी, छातीला वायरी, सगळं खरं. पाहणीवाले साहेब भराभर लिहीत होते. मी भिंतीला धरून उभी, तोंडात पदर कोंबायला पदर नव्हता म्हणून जाकिटाचा खिसा कोंबलेला.

डॉक्टरने कागदाची पट्टी बघितली. पुन्हा बघितली. म्हणाला, "यांचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे."

तेव्हा ताई बोलली. ऑक्सिजनच्या मास्कमधून, चिडून. "गप ऱ्हा ना गो जरा. माजा पार्ट चाललाय."

माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. हसू, रडू, संताप, सगळं एकदम. त्यांनी माझं ब्लडप्रेशर घेतलं तर ते इतकं चढलेलं की ताईच्या शेजारच्या खाटेवर मला खरोखरचं ॲडमिट केलं. गावात जी चर्चा आहे ती याचीच. पाहणीवाले साहेब येऊन सांगून गेले की अशी पिवळी फीत त्यांनी आजवर पाहिली नव्हती. खिशात फोन वाजत होता, तो पोरगा संपादक, बातमीचं काय झालं विचारायला. मी कापला.

सगळे गेल्यावर मी ताईकडे वळले. "काय गं, लाज नाही वाटत? जीव गेला असता माझा! चांगली ओरडत होतीस की! मधेच गप्प बसायचं कुणी सांगितलं होतं तुला?"

ती शांतपणे मिळालेला बिस्किटाचा पुडा सोडत होती. "तूच."

"मी? मी कधी?"

"गंभीर म्हंजी काय करायचं, मी रोज इचार करीत व्हते. आरडून आरडून मलाच खरं वाटंना. गाडीत तू समोर बसलीस तवा आठवलं." आणि ती म्हणून दाखवायला लागली, शाळेत कविता म्हणतात तशी, एका सुरात. "जो ओरडतो आहे तो वाचेल. खरा जखमी आकाशाकडे पाहत गप्प पडून असतो आणि कुणालाही त्रास देत नाही."

माझं वाक्य. माझ्या पहिल्या लढाईतलं. मी 'आभाळाकडे' लिहिलं होतं, ऑफिसातल्या कुणीतरी 'आकाशाकडे' केलं, त्यावरून मी भांडलेही होते. ताईने जन्मात आकाश म्हटलेलं नाही, ती आभाळच म्हणते. छापलेलं होतं तसं, शब्द न शब्द, एवढी वर्षं तिच्या तोंडी.

"तू वाचलं होतंस?" मी खाटेवर उठून बसले.

"वाचलं व्हतं म्हंजी? सगलं वाचलं. पयला पेपर दुकानातून इकत आनायचे, वाचायचे आनि गप ऱ्हायचे. तू आनायचीस तो दुसरा. तो चिकूला."

"मग एकदा तरी बोलायचं ना गं ताई! मी मेले वाट बघून बघून. एकदा म्हणायचं होतंस, चांगलं लिहिलंस!"

तिने बिस्कीट मोडलं, अर्धं मला दिलं. डोळे भरले होते तिचे, आणि रागही आला होता.

"म्हनले असते तर तू आनखी फुडं गेली असतीस. पार बंदुकीच्या तोंडाशी. तुला कोन धरून ठेवनार व्हतं?" तिने नाक पुसलं आणि माझ्या पायांकडे बघितलं. "आता तुजे गुडगे गेलेत. आता सांगते. लई चांगलं लिवायचीस, बाय."